संगणकाचा दिंडीदरवाजा

जुन्या वाड्याला दिंडीदरवाजा असे. आंत जाणाऱ्यानें देवडीवरच्या माणसाला नांव सांगावें, त्यानें ओळख पटवून घ्यावी आणि मगच चौकांत पाऊल पडावें, अशी रीत होती. पाहुण्याच्या ध्यानांत राही तो हा दरवाजा. पण दरवाजा म्हणजे वाडा नव्हे, हें कोणालाहि समजावून सांगावें लागत नसे. कडी अडकली तर लोक सुताराला बोलावीत. कडी अडकली म्हणून वाडा पाडून नवा बांधावयास कोणी निघत नसे.

संगणकाच्या बाबतींत मात्र चांगलीं शिकलेलीं माणसें नेमकें हेंच करतात. यंत्र सुरू केल्यावर पडद्यावर ओळखीचें चित्र उमटलें नाहीं, कीं सर्व कांहीं गेलें अशी त्यांची समजूत होते. मुलांच्या लहानपणींचीं छायाचित्रें, घराचे कागद, वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार, हें सारें ज्या डिस्कवर सुखरूप असतें, तीच डिस्क घाबरलेल्या हातांनीं पुसून टाकून यंत्रणा नव्यानें बसविली जाते. अशा वेळीं नुकसान बिघाडानें होत नाहीं, घाईनें होतें. म्हणून लिनक्स यंत्रणेंत हा दरवाजा कसा बसवितात, त्याच्या आंतला दिवाणखाना कसा मांडतात, आणि दरवाजा अडकलाच तर मागच्या दारानें आंत कसें जावें, याची थोडी माहिती सुशिक्षित घरांत असणें अगत्याचें आहे.

या विषयाला एक निमित्तहि घडलें आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० या यंत्रणेचा सर्वसाधारण पाठिंबा संपला. तिच्या पुढच्या आवृत्तीच्या अटींत न बसणारे, परंतु हातीं पायीं धड असलेले पुष्कळ संगणक घरोघर आहेत. ते भंगारांत न घालतां त्यांवर लिनक्स बसवावें, असा विचार अनेकांच्या मनांत येतो. विचार चांगला आहे. पण नव्या वाड्यांत राहावयास जाणाऱ्यानें त्याचीं दारें पाहून ठेवावीं, हें बरें.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. लिनक्स ज्या कुळांतलें, तें युनिक्स १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल लॅबोरेटरींत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांच्या पुढाकारानें जन्मास आलें. त्या काळीं चित्रमय पडदा नव्हता. टंकलेखनयंत्रासारखें एक यंत्र संगणकास जोडलेलें असे. त्याच्या कागदावर ‘लॉगिन’ हा शब्द उमटे. त्यापुढें माणसानें आपलें नांव व परवलीचा शब्द, म्हणजे आजच्या बोलण्यांतला पासवर्ड, लिहावा, कीं काम सुरू होई. एकाच संगणकावर अनेक माणसें काम करीत. त्यामुळें प्रत्येकाची ओळख पटविणें आणि एकाचे कागद दुसऱ्यापासून राखणें हें युनिक्सच्या स्वभावांतच आलें. १९९१ सालीं हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स यानें लिनक्सचा गाभा लिहिला, तो याच वळणावर.

चित्रांचें अंग मागाहून आलें, आणि तें बाहेरून जोडलें गेलें. १९८४ सालीं मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत रॉबर्ट शाइफ्लर यानें पडद्यावर चौकटी काढणारी एक व्यवस्था रचली. तिच्या पूर्वीच्या व्यवस्थेचें नांव ‘डब्ल्यू’ हें एकच अक्षर होतें. म्हणून हिला त्यापुढचें अक्षर मिळालें, ‘एक्स’. १९८७ सालीं एक्सची अकरावी आवृत्ति निघाली, आणि आज वापरांत असलेली एक्स ही त्याच अकराव्या आवृत्तीची आहे. एक्सचें वैशिष्ट्य असें कीं, ती रेघा व चौकटी काढते आणि कळफलक व माउस यांची वार्ता आंत पोंचविते. पण चौकटीला कांठ कसा असावा, ती बंद करण्याची खूण कोणत्या कोपऱ्यांत असावी, याबद्दल ती कसलाहि आग्रह धरीत नाहीं. तें काम तिनें इतरांवर सोंपविलें. १९८८ सालीं तिच्या जोडीला एक्सडीएम नांवाचा द्वारपाल आला. पडद्यावर नांव विचारणें, परवलीचा शब्द घेणें आणि ओळख पटल्यावर आंत सोडणें, एवढेंच त्याचें काम.

या इतिहासांतच आजच्या रचनेचें मर्म आहे. लिनक्सच्या संगणकांत चार थर एकावर एक असतात. सर्वांत खालीं मूळ यंत्रणा. फायली सांभाळणें, ओळख ठेवणें, यंत्राचे भाग चालविणें हें तिचें काम. तिच्यावर पडदा रंगविणारी एक्स. तिच्यावर द्वारपाल. आणि सर्वांत वर दिवाणखाना, म्हणजेच डेस्कटॉप. वरचा थर कोसळला म्हणून खालचा कोसळत नाहीं. आणि वरचा थर बदलावयाचा तर खालच्याला हात लावावा लागत नाहीं. दिवाणखाने अनेक प्रकारचे आहेत. ऑलिव्हिए फूर्दां यानें १९९६ सालीं सुरू केलेला एक्सएफसीई हा साधा व हलका. त्याच वर्षीं जर्मनींतील मातिआस एट्रिख यानें आरंभिलेला केडीई आणि १९९७ सालचा ग्नोम हे अधिक थाटाचे. एक्सच्या जागीं बसूं पाहणारी ‘वेलँड’ ही नवी व्यवस्था २००८ पासून वाढत आली असून, ग्नोम व केडीई यांनीं तिलाच पहिली पसंती दिली आहे. जुन्या यंत्राला मात्र एक्सएफसीई मानवतो, आणि त्याची मुख्य भिस्त अजून एक्सवरच आहे.

आतां हा दरवाजा प्रत्यक्ष कसा बसवितात तें पाहण्यासाठीं एक घर डोळ्यांपुढें आणावें. निवृत्त आजोबा आहेत, कॉलेजांत जाणारी नात आहे, आणि आठ वर्षांचा एक संगणक आहे. दोघांनीं देबियन ही लिनक्सची मांडणी निवडली आहे. ही मांडणी इयान मर्डॉक यानें १९९३ सालीं सुरू केली. पुढें ती जगभरच्या स्वयंसेवकांनीं वाढविली, आणि तिची तेरावी आवृत्ति ९ ऑगस्ट २०२५ रोजीं प्रसिद्ध झाली. केवळ ३२ बिटी असलेल्या अतिजुन्या यंत्रांवर ही आवृत्ति नव्यानें बसवितां येत नाहीं, हें आजोबांनीं आधींच पाहून घेतलें. यंत्रांतला जुना मजकूर बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवला. बसवणीच्या आरंभीं भाषांची यादी येते, तींत मराठी आहे. ती नातीनें निवडली. पुढें कोणकोणतें साहित्य बसवावें असें विचारणारी एक यादी येते. तेथें डेस्कटॉपांचीं नांवें असतात, व ज्याच्यापुढें खूण करावी तो बसतो. घाईंत नातीनें तेथली खूणच काढून टाकली. सर्व आटोपून यंत्र पुन्हां सुरू झालें तों काळा पडदा, पांढरीं अक्षरें, आणि त्यांत एकच ओळखीचा शब्द, लॉगिन.

“आजोबा, बिघडलं वाटतं. चित्र कुठं आहे?”

“बिघडलं नाहीं ग. घर बांधून झालंय, पुढचं दार बसवायचं राहिलंय. नांव लिही आपलं.”

तिनें नांव लिहिलें. परवलीचा शब्द लिहूं लागली तर पडद्यावर कांहींच उमटेना, ठिपकाहि नाहीं. येथें पुष्कळ लोक कळफलक बिघडला असें समजतात. वस्तुतः मागें उभ्या असलेल्या माणसाला शब्दाची लांबीसुद्धां कळूं नये, म्हणून ही जुनी रीत आहे. न दिसणारा शब्द पुरा लिहून एंटरची कळ दाबावी. दोघें आंत गेलीं. मग व्यवस्थापकाचा अधिकार घेऊन ‘टास्कसेल’ ही एक आज्ञा दिली, तेव्हां ती राहून गेलेली यादी पुन्हां समोर आली. स्पेसच्या कळीनें एक्सएफसीईपुढें खूण केली. शेंकडों मेगाबाइटांचें साहित्य इंटरनेटवरून उतरलें, आणि त्याबरोबर लाइटडीएम नांवाचा द्वारपाल आपण होऊन आला. यंत्र पुन्हां सुरू केल्यावर रंगीत पडदा, मधोमध नांवाची चौकट, वरच्या बाजूस दिवाणखाना निवडण्याची सोय. दरवाजा बसला.

आजोबांना पहिलें काळें दार अगोदर दिसलें, ही एका अर्थीं इष्टापत्तीच झाली. रंगीत दरवाज्यामागें मूळचें दार तसेंच आहे, हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें.

द्वारपालाच्या कामाची रीत समजून घेण्यासारखी आहे. परवलीचा शब्द यंत्रांत कोठेंहि जसाच्या तसा लिहून ठेवलेला नसतो. त्याच्यावर एक गणिती क्रिया करून, जिच्यावरून मूळ शब्द उलट काढतां येत नाहीं अशी अक्षरमालिका तयार करतात, आणि ती मालिका व्यवस्थापकाखेरीज कोणास न दिसणाऱ्या एका फाइलींत ठेवतात. माणसानें शब्द दिला कीं त्याच्यावर तीच क्रिया होते आणि दोन मालिका ताडून पाहिल्या जातात. आणखी एक खबरदारी अशी कीं, पडद्यावर दिसणारी नांवाची चौकट लाइटडीएम पूर्ण अधिकारानें चालवीत नाहीं; तिच्यासाठीं अल्प अधिकाराचें वेगळें नांव राखलेलें असतें. देवडीवरच्या माणसाच्या हातीं तिजोरीची किल्ली न देण्याची जी जुनी शिस्त, तीच येथें पाळली आहे. ओळख पटल्यावर पुढचा सर्व दिवाणखाना त्या माणसाच्या नांवानें, त्याच्याच अधिकारापुरता मांडला जातो.

आतां खरा प्रसंग. असें समजावें कीं कांहीं महिने गेले आहेत. आजीला जाऊन दोन वर्षें झालीं आहेत. तिच्या माहेरचीं, लग्नांतलीं, तरुणपणचीं जुनीं छायाचित्रें नातीनें स्कॅनरवर घेऊन एकेक करून यंत्रांत सांठविलीं. कांहीं नीट आलीं नाहींत, तीं कचरापेटींत टाकून पुन्हां घेतलीं. मूळ छायाचित्रें आप्तांकडे परत गेलीं. दुसरी प्रत काढण्याचें मात्र राहून गेलें. आणि एके सकाळीं दरवाजा अडकला. नांव दिलें, शब्द दिला, पडदा क्षणभर काळा झाला आणि पुन्हां तीच नांवाची चौकट पुढें उभी. पुन्हां शब्द दिला, पुन्हां तेंच.

“आजोबा, सगळं पुसून नव्यानं बसवूं या. तासाभराचं काम आहे.”

“आणि आजीचे फोटो?”

नात गप्प झाली.

येथें काय करावें, तेंच या भाषणाचें सार आहे. द्वारपालाच्या वागण्यांतच उत्तराचा निम्मा भाग असतो. शब्द चुकला असता तर त्यानें तसें स्पष्ट सांगितलें असतें. असें सांगितल्यास मोठ्या अक्षरांची कळ दबली आहे काय, किंवा कळफलक देवनागरीवर राहिला आहे काय, एवढें आधीं पाहावें. पण कांहीं न बोलतां पडदा मिटून पुन्हां दार समोर येतें, त्या वेळीं ओळख बहुधा पटलेली असते. दिवाणखाना मांडतां आलेला नसतो. मग मागच्या दारानें जावें. कंट्रोल, आल्ट आणि वरच्या ओळींतली एफ तीन या तीन कळा एकदम दाबाव्या. कांहीं लॅपटॉपांवर एफएन ही कळहि जोडीला लागते. रंगीत पडदा नाहींसा होऊन तेंच जुनें काळें दार उघडतें. तेथें नांव व परवलीचा शब्द देऊन आंत शिरतां आलें, तर ओळख शाबूत आहे आणि घरहि उभें आहे, अशी खात्री बाळगावी.

मराठी घरांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. या काळ्या पडद्यावर देवनागरी अक्षरें उमटत नाहींत. त्यांच्या जागीं चौकोन किंवा निरर्थक खुणा दिसतात. आजीच्या छायाचित्रांना नातीनें मराठी नांवें दिलेलीं असल्यास तेथें चौकोनांची रांग दिसेल. ती पाहून फायली नासल्या असें समजूं नये. अक्षरें काढण्याची कला या पडद्याला येत नाहीं, एवढेंच. याच कारणास्तव परवलीचा शब्द रोमन अक्षरांत असावा. नाहीं तर मागच्या दारावर तो लिहितांच येणार नाहीं.

आंत गेल्यावर आजोबांनीं ‘डीएफ’ ही दोन अक्षरांची आज्ञा दिली. ती डिस्कच्या प्रत्येक भागांत किती जागा भरली तें सांगते. त्यांच्या भागापुढें आंकडा होता १०० टक्के. कारण सांपडलें. दिवाणखाना मांडतांना यंत्रणेला त्या माणसाच्या फोल्डरांत एकदोन लहान टिपणें लिहावीं लागतात. लिहावयास जागाच नसल्यामुळें मांडामांड अर्ध्यावर मोडत होती. मग ‘डीयू’ या आज्ञेनें कोणता फोल्डर किती जागा खातो तें पाहिलें. बिघडलेल्या प्रतींनीं भरलेली कचरापेटी सर्वांत मोठी निघाली. कचरापेटींत टाकलेली वस्तु पेटी रिकामी करीपर्यंत जागा अडवूनच असते, हें नातीच्या ध्यानांत आलें नव्हतें. कांहींहि पुसण्यापूर्वीं आजोबांनीं बाहेरची डिस्क जोडून छायाचित्रांची एक प्रत काढविली. मगच पेटी रिकामी केली. एफ सात दाबून दोघें पुढच्या दारापाशीं परत आलीं. या वेळीं शब्द दिल्याबरोबर दिवाणखाना उघडला. आजीचें लग्नांतलें छायाचित्र पडद्यावर जसें होतें तसें होतें.

डिस्क भरणें हें या बिघाडाचें नेहमीं आढळणारें कारण आहे, एकमेव नव्हे. ‘एक्सॉथॉरिटी’ नांवाची एक लपलेली फाइल असते. चित्रमय पडद्यावर काढण्याचा परवाना तींत असतो. तिची मालकी चुकून व्यवस्थापकाच्या नांवें गेली तर खऱ्या मालकालाच ती लिहितां येत नाहीं आणि दरवाजा असाच फिरून मिटतो. मालकी परत करावी, कीं काम भागलें. नव्या बसवणीनंतर रंगीत पडदा मुळींच आला नाहीं, तर चित्रपट्टीला लागणारें फर्मवेअर बसलें आहे काय तें पाहावें. बाराव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, देबियननें तें बसवणीच्या साहित्यांतच देण्यास आरंभ केला आहे. कारण कोणतेंहि असो, पाहण्याचा क्रम एकच: आधीं मागच्या दारानें आंत जावें, मग महत्त्वाच्या मजकुराची प्रत काढावी, आणि मगच दुरुस्तीला हात घालावा.

दरवाज्याच्या सुरक्षिततेविषयीं दोन शब्द सांगणें जरूर आहे. लाइटडीएमला सांगून ठेविल्यास तो कोणालाहि न विचारतां थेट आंत सोडतो. एकट्या राहणाऱ्या, बोटें थरथरणाऱ्या वृद्धासाठीं ही सोय उपकारक ठरते. परंतु जेथें बँकेचे व्यवहार होतात आणि येणारेजाणारे पुष्कळ असतात, त्या घरीं ती नसावी. घरांतील प्रत्येकाला वेगळें नांव द्यावें. एकाच्या हातून झालेली चूक मग बहुतेक त्याच्याच खोलींत राहते. व्यवस्थापकाच्या नांवानें दिवाणखान्यांत कधीं बसूं नये. तो अधिकार कामापुरता घ्यावा आणि काम झालें कीं ठेवून द्यावा. शेवटीं हेंहि स्पष्ट असावें कीं, दरवाजा कितीहि मजबूत असला तरी भिंतीचें काम तो करीत नाहीं. यंत्र उघडून डिस्क काढून नेणाऱ्या चोराला द्वारपाल अडवूं शकत नाहीं. त्यासाठीं बसवणीच्या वेळींच सबंध डिस्क सांकेतिक रूपांत ठेवण्याचा पर्याय निवडावा लागतो. आणि तो निवडल्यास त्याचा परवलीचा शब्द विसरणें म्हणजे आपणच आपल्या घराबाहेर कायमचें राहणें होय.

बाह्य देखावा आणि आंतील वस्तु यांतला भेद ओळखणें हें विद्येचें पहिलें फळ मानतात. संगणकाचा रंगीत पडदा हा देखावा आहे. तो मोडतो, बदलतो, नवाहि आणतां येतो. आंतले कागद व छायाचित्रें ही वस्तु आहे. ती गेली तर कोणत्याहि दुकानांत मिळत नाहीं. यासाठीं संगणकाजवळच्या भिंतीवर एक लहानशी चिठ्ठी चिकटवून ठेवावी. तिच्यावर दोनच ओळी असाव्या. पहिली: दार अडकल्यास कंट्रोल, आल्ट, एफ तीन. दुसरी: पुसण्यापूर्वीं प्रत काढावी. पहिली ओळ वर्षांत एखाद्या वेळीं उपयोगी पडेल. दुसरी मात्र अडचणीची वाट न पाहतां दर महिन्याला पाळावी.